५जीच्या टॉवरजवळील सी-बँड डिश: गोव्यातील केबलचालकांसाठी निदान आणि उपाय

संध्याकाळी सातच्या सुमारास एकाच उपग्रहावरील सगळ्या वाहिन्यांची चित्रे एकदम चौकोनी ठिकऱ्यांत फुटू लागतात, आवाज तुटत राहतो, एखादा रिसीव्हर ‘नो सिग्नल’ दाखवून थांबतो आणि मध्यरात्र उलटली की कोणी हात न लावता सारे पूर्ववत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तंत्रज्ञ येतो, डिशची दिशा पुन्हा जुळवतो, एलएनबी (डिशसमोर बसून तिने गोळा केलेला सिग्नल वाढवणारे यंत्र) बदलतो, मीटरवर आकडे उत्तम दिसतात म्हणून निघून जातो आणि संध्याकाळी तीच तक्रार परत येते. ५जी सेवा गोव्यात पसरू लागल्यापासून म्हापसा, फोंडा, डिचोली, मडगाव अशा गजबजलेल्या ठिकाणी हेडएंड, म्हणजे उपग्रहाचे सिग्नल घेऊन केबलवर सोडणारे केंद्र, चालवणाऱ्यांसाठी हा प्रश्न नेहमीचा झाला आहे. यात सर्वांत जास्त पैसा वाया जातो तो चुकीच्या जागी केलेल्या दुरुस्तीवर. बिघाड एलएनबीच्या तोंडाशी होतो. त्यामुळे एलएनबीच्या पुढे, म्हणजे केबलमध्ये, स्प्लिटरमध्ये किंवा रिसीव्हरमध्ये कितीही सुधारणा केली तरी तो जात नाही. हा एक मुद्दा पक्का ध्यानात ठेवला तर पुढचे बरेचसे निर्णय सोपे होतात.

आधी बँड ओळखावा

घराच्या छपरावर असते ती छोटी डीटीएच डिश केयू-बँडमध्ये, म्हणजे १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करते. तिच्या एलएनबीचे तोंड इतके अरुंद असते की ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासची ५जीची लहर त्यातून आत शिरूच शकत नाही. आषाढातल्या मोठ्या सरीत डीटीएचचे चित्र जाते ते केयू-बँडच्या लहरी पावसात क्षीण होतात म्हणून. त्याचा दोष शेजारच्या टॉवरला देऊ नये. डीटीएचला मोबाइलचा त्रास होतो, पण वेगळ्या वाटेने. एलएनबीतून घरात उतरणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा असतो आणि ९००, १८०० व २१०० मेगाहर्ट्झचे मोबाइल बँड त्याच पट्ट्यात किंवा त्याच्या काठावर येतात. खाऱ्या हवेने कनेक्टर गंजला, केबलचे वरचे आवरण उन्हाने तडकले किंवा दोन तुकडे नुसते पिळून जोडले असतील, तर ती वायरच ॲन्टेनाचे काम करू लागते आणि ठरावीक दोन-चार वाहिन्या बिघडतात. यावर उपाय म्हणजे दुहेरी आवरणाची आरजी-६ केबल अखंड टाकणे आणि कनेक्टर दाबयंत्राने घट्ट बसवणे, इतकाच आहे. चिऱ्यांच्या जाड भिंतींच्या जुन्या घरांत आणि किनाऱ्यावरील हॉटेलांत विनापरवाना मोबाइल बूस्टर लावले जातात, त्यांच्यामुळेही हा त्रास वाढतो. असा बूस्टर बसवणे बेकायदेशीर आहे, हे त्या मालकांना स्पष्टपणे सांगायला हवे.

केबलचालकाच्या गच्चीवरील मोठी डिश मात्र सी-बँडची असते. तिच्यावर वाहिन्या ३७०० ते ४२०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात उतरतात, आणि २०२२ च्या लिलावात ५जीसाठी दिलेला मधला पट्टा ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झचा आहे. दोहोंमध्ये फक्त ३० मेगाहर्ट्झची मोकळी जागा उरते. मोबाइल फोनबरोबरच घरोघरी बिनतारी ब्रॉडबँड पुरवणाऱ्या सेवाही याच पट्ट्याचा वापर करतात. त्यामुळे जिथे फायबर पोहोचणे कठीण आहे अशा वाड्यांतही ही शक्ती आता हवेत आहे.

वारंवारता वेगळी असूनही बिघाड का होतो

‘ते ३६०० वर आहेत, आपण ३८०० वर आहोत, मग अडचण कसली?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि तो रास्त आहे. उत्तर दोन गोष्टींत आहे: शक्तीतील तफावत आणि जुन्या एलएनबीची रचना.

भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. २.४ मीटर व्यासाच्या डिशने गोळा करून दिल्यावरही एका ट्रान्सपॉन्डरची (उपग्रहावरील प्रसारण यंत्राची) शक्ती एलएनबीच्या तोंडाशी साधारण उणे ९० डीबीएमच्या (शक्तीचे माप; उणे आकडा जितका मोठा, तितकी शक्ती कमी) आसपास भरते. आता अर्ध्या किलोमीटरवर ५जीचा टॉवर आहे, मध्ये काही आडोसा नाही आणि त्याचा बीम नेमका आपल्या गच्चीच्या दिशेने वळला आहे, असे धरले, तर त्या जागी पोहोचणारी शक्ती उणे २५ डीबीएमच्या घरात जाऊ शकते. डिश आकाशाकडे पाहत असल्यामुळे बाजूने येणारा सिग्नल ती दहा-एक डेसिबेलने दाबते, तरीही उणे ३५ उरतात. उणे ९० आणि उणे ३५ यांतील ५५ डेसिबेलचा फरक म्हणजे सुमारे तीन लाख पट.

बाजारातील नेहमीची एलएनबी ३४०० ते ४२०० मेगाहर्ट्झ एवढा सगळा पट्टा आत घेण्यासाठी बनवलेली असते, कारण ती बनली तेव्हा या खालच्या भागात मोठ्या शक्तीचे काही नव्हते. ती आलेला सिग्नल ६० ते ६५ डेसिबेलने वाढवते. तिचा पहिला ॲम्प्लिफायर उणे ६० डीबीएमच्या आसपास ताणला जाऊ लागतो. त्याहून जास्त शक्ती आली की तो सरळ रेषेत काम करणे सोडतो, उपग्रहाचे क्षीण सिग्नल चेपले जातात आणि पट्टाभर नवी विकृती तयार होते. देवळात घुमट आरती रंगात आली असताना शेजारी बसलेल्याची कुजबुज ऐकू येत नाही, तसेच हे आहे. दोघांचे सूर वेगळे असले तरी कान आधीच भरून गेलेला असतो. म्हणूनच रिसीव्हरजवळ लावलेला फिल्टर किंवा ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) निरुपयोगी ठरतो. तिथे पोहोचेपर्यंत सिग्नलची मोडतोड होऊन गेलेली असते.

धोका केवळ दूरच्या टॉवरचा नाही, आणि याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. बिनतारी ब्रॉडबँडचे जे बाहेरचे यंत्र ग्राहकाच्या गच्चीवर बसते, तेही टॉवरकडे उत्तर पाठवते. त्याची प्रसारणशक्ती साधारण २३ ते २६ डीबीएम आणि वर स्वतःच्या ॲन्टेनाचा लाभ असतो. हे यंत्र डिशपासून पाच मीटरवर असेल आणि त्याचे तोंड डिशवरून टॉवरकडे असेल, तर डिशच्या जागी पोहोचणारी शक्ती अर्ध्या किलोमीटरवरील टॉवरइतकीच भरते. हेडएंडच्याच इमारतीत कोणी असे कनेक्शन घेतले असेल, तर तपास तिथूनच सुरू करावा.

निदान: काहीही विकत घेण्यापूर्वी

चित्र फुटण्याची इतर कारणे आधी बाजूला काढावीत. मार्चच्या पूर्वार्धात आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीस काही दिवस सूर्य उपग्रहाच्या अगदी मागे येतो आणि दिवसाउजेडी, रोज जवळपास त्याच वेळी, काही मिनिटे सिग्नल जातो. हा निसर्गक्रम आहे, तो आपोआप संपतो. पावसाचा सी-बँडवर फारसा परिणाम होत नाही. म्हणून पाऊस पडला की सी-बँडच्या वाहिन्या जात असतील, तर पाणी कनेक्टरमध्ये किंवा फीडहॉर्नमध्ये (एलएनबीच्या पुढच्या, लहर आत घेणाऱ्या तोंडात) शिरले आहे असे समजावे आणि तिकडे पाहावे. वाऱ्याबरोबर सिग्नल खालीवर होत असेल तर डिशचे बोल्ट तपासावेत.

५जीच्या त्रासाची लक्षणे वेगळी आहेत. मोबाइल डेटाची रहदारी वाढते त्या संध्याकाळच्या वेळी तो तीव्र होतो. दोन्ही ध्रुवीकरणांच्या (उभ्या आणि आडव्या लहरींच्या), वेगवेगळ्या ट्रान्सपॉन्डरच्या वाहिन्या एकाच वेळी बिघडतात. मीटरवर सिग्नलची पातळी ठीक, कधी कधी नेहमीपेक्षा जास्तही दिसते, पण एमईआर (सिग्नलची गुणवत्ता दाखवणारा आकडा) घसरलेला असतो. पातळी चांगली आणि गुणवत्ता वाईट, ही जोडी दिसली की डिश हलवण्याचा मोह टाळावा, कारण दिशा बरोबर असते आणि एकदा बिघडवली की एकाच्या जागी दोन दोष होतात.

खात्रीसाठी स्पेक्ट्रम ॲनालायझर, म्हणजे कोणत्या वारंवारतेवर किती शक्ती आहे ते दाखवणारे यंत्र, हवा. स्वतःचा नसेल तर एका संध्याकाळपुरता भाड्याने किंवा मित्राकडून आणावा, तो खर्च वाया जात नाही. सी-बँड एलएनबीचा लोकल ऑसिलेटर (वारंवारता खाली उतरवणारा भाग) ५१५० मेगाहर्ट्झचा असतो आणि केबलमध्ये वारंवारता उलट क्रमाने उतरते. उपग्रहाचा ३७०० ते ४२०० हा पट्टा केबलवर १४५० ते ९५० मेगाहर्ट्झ होतो, तर ५जीचा ३३०० ते ३६७० हा पट्टा १८५० ते १४८० मेगाहर्ट्झवर दिसतो. ॲनालायझर ९५० ते १९०० मेगाहर्ट्झवर लावून ‘मॅक्स होल्ड’ (सर्वोच्च पातळी पडद्यावर धरून ठेवण्याची सोय) चालू ठेवावा. ५जी एकाच वारंवारतेवर आळीपाळीने पाठवते आणि घेते, त्यामुळे त्याची शक्ती क्षणाक्षणाला चालू-बंद होते आणि सरासरी दाखवणारा साधा मीटर तिला कमी लेखतो. काही मिनिटांत १४८० च्या वर सपाट माथ्याचे रुंद ठोकळे उभे राहिले, तर चोर सापडला.

यानंतरची चाचणी मला सर्वांत मोलाची वाटते. डिशचे मूळ कोन रंगाने खूण करून ठेवावेत आणि रहदारीच्या वेळी, प्रेक्षकांना आधी कळवून, डिश रिकाम्या आकाशाकडे थोडी सरकवावी. उपग्रहाचे सारे सिग्नल नाहीसे होतात; ठोकळे मात्र जागेवर राहिले, तर ते जमिनीवरून येत आहेत हे निर्विवाद ठरते. तारेची बारीक जाळी किंवा पत्र्याचा मोठा तुकडा दोघांनी धरून डिशभोवती फिरवला, तर कोणत्या बाजूला धरल्यावर ठोकळा खाली बसतो यावरून त्रासाची दिशाही कळते. दिशा मिळाली की टॉवर शोधायला नकाशाची गरज पडत नाही, तो डोळ्यांनी दिसतोच.

गोव्याच्या अक्षांशाचा लाभ

उपायांकडे वळताना आपल्या भूगोलाचा एक फायदा लक्षात घ्यावा. गोवा सुमारे साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे आपल्याकडे डिश फार उंच पाहतात. ८३ अंश पूर्वेच्या जीसॅट-३० साठी येथील उन्नतकोन (क्षितिजापासून वरचा कोन) जवळपास ६९ अंश येतो, ६८.५ अंश पूर्वेच्या इंटेलसॅटच्या स्थानासाठी ७० च्या वर, आणि १०५.५ अंश पूर्वेच्या एशियासॅटच्या स्थानासाठीही सुमारे ५० अंश. दिल्लीत ८३ अंश पूर्वेसाठी हाच कोन ५६ च्या आसपास असतो. टॉवर क्षितिजाच्या जवळ आणि उपग्रह जवळपास डोक्यावर, अशी स्थिती असल्याने आपण टॉवरची बाजू पूर्ण झाकली तरी उपग्रहाचा मार्ग मोकळा राहतो. म्हणून येथे आडोसा हा पहिला, स्वस्त आणि टिकाऊ उपाय आहे. फिल्टर विकणारा हे सांगत नाही.

सर्वांत चांगला आडोसा म्हणजे जमीन आणि भिंत. बहुतेक हेडएंडची डिश सवयीने गच्चीवर चढवलेली असते, आणि गच्ची ही नेमकी टॉवरच्या बीमच्या वाटेतली जागा आहे. तीच डिश इमारतीच्या टॉवरविरुद्ध बाजूला अंगणात उतरवली, तर चिऱ्यांची आणि काँक्रीटची संपूर्ण इमारत मध्ये येते. ६९ अंशांच्या कोनाला दहा मीटर उंच इमारतीपासून चार मीटर अंतरही पुरेसे असते. डिशची स्वतःची रुंदी धरून सहा मीटर सोडावेत. अंगणात माड असतील तर मात्र जागा विचारपूर्वक निवडावी, कारण झावळ्या सिग्नल शोषतात आणि पडलेला नारळ फीडहॉर्न वाकवतो.

डिश हलवणे शक्य नसेल तर टॉवरच्या बाजूला धातूचा पडदा उभारावा. ३.५ गिगाहर्ट्झची तरंगलांबी साडेआठ सेंटीमीटरच्या आसपास असते. जाळीची छिद्रे तिच्या दहाव्या भागाहून, म्हणजे आठ मिलिमीटरहून लहान असावीत. कोंबड्यांच्या खुराड्याची मोठ्या छिद्रांची जाळी येथे चालत नाही. पडद्याची उंची एवढी हवी की फीडहॉर्नच्या जागी डोळा नेऊन पाहिले असता टॉवरचा माथा दिसू नये, आणि रुंदी डिशच्या दोन्ही कडांच्या पलीकडे निदान मीटरभर जावी, कारण लहर कडेवरून थोडी वळून आत येते. पडदा अर्थिंगला जोडावा. सांगाडा पावसाळ्यातील वारा सोसेल इतका भक्कम करावा आणि किनाऱ्यालगत साधे लोखंड वापरू नये. दोन पावसाळ्यांत ते गंजून गळते. नीट उभारलेला पडदा १० ते २० डेसिबेलचा फरक पाडतो. टॉवर डिशच्या मागच्या बाजूला असेल आणि डिश जाळीची असेल, तर तिच्याऐवजी अखंड पत्र्याची डिश घेण्याचाही विचार करावा.

फिल्टर कसा निवडावा आणि कुठे बसवावा

पडद्याने ५५ डेसिबेलची दरी भरून येत नाही, म्हणून टॉवर जवळ असेल तर वेव्हगाइड बँडपास फिल्टर (ठरावीक पट्टाच पुढे सोडणारी धातूची नळी) लागतोच. तो फीडहॉर्न आणि एलएनबी यांच्या मध्ये बसतो. यासाठी एलएनबीला सपाट आयताकृती फ्लँज (स्क्रूने जोडायची कडा) हवा. फीडहॉर्न आणि एलएनबी एकाच ओतीव तुकड्यात असलेल्या स्वस्त प्रकारात फिल्टरला जागाच नसते. अशा वेळी वेगळा फीडहॉर्न, फिल्टर आणि फ्लँजची एलएनबी, असा संच घ्यावा लागतो.

विकत घेताना ‘५जी फिल्टर’ या नावावर समाधान मानू नये. विक्रेत्याकडे चाचणीचा आलेख मागावा आणि त्यात ३६७० मेगाहर्ट्झवर किती डेसिबेल रोध आहे ते वाचावे. ३५०० वर ६० डेसिबेल रोखणारा पण ३६६० वर केवळ १५ रोखणारा फिल्टर कागदावर चांगला दिसतो आणि गच्चीवर हरतो. या काठावर ४५ ते ५० डेसिबेल मिळत असतील तर आपल्या उदाहरणातील उणे ३५ डीबीएमचा मारा उणे ८० च्या खाली जातो आणि एलएनबी निवांत काम करते. त्याच आलेखात ३७०० ते ४२०० मधला तोटाही पाहावा. अर्ध्या डेसिबेलचा तोटा नगण्य वाटतो, पण तो सुमारे ३५ केल्व्हिन गोंगाटाची भर घालतो, आणि चांगल्या एलएनबीचा स्वतःचा गोंगाट १५ ते २० केल्व्हिनच असतो. आधीच काठावर चालणाऱ्या छोट्या डिशवर फिल्टर बसवल्यावर ५जी गेले तरी वाहिन्या कमजोर होण्याचे हेच कारण आहे. तिथे डिश मोठी करण्याला पर्याय नाही. ३७०० च्या अगदी लगतच्या वाहिन्यांना हा तोटा अधिक जाणवतो.

बसवताना दोन्ही जोडांत रबराची रिंग नीट बसली आहे ना, स्क्रू चारही कोपऱ्यांनी सारखे आवळले आहेत ना, हे पाहावे. वेव्हगाइडमध्ये बाष्प साचले तर फिल्टर स्वतःच दोष बनतो, आणि आपल्या हवेत ते सहज साचते. फिल्टरच्या वजनाने फीडहॉर्नचे पाय किंचित लवतात. म्हणून शेवटी दिशा आणि ध्रुवीकरण पुन्हा जुळवावे.

आतच फिल्टर असलेल्या एलएनबीही मिळतात. टॉवर दूर असेल तर त्या पुरतात. त्यांतील काहींत फिल्टर पहिल्या ॲम्प्लिफायरनंतर असतो, त्या जवळच्या टॉवरपुढे टिकत नाहीत. नेमका इथेच घाईने पैसे घालवले जातात. फेज-लॉक असलेली एलएनबी वारंवारता स्थिर ठेवते, पण अतिभार रोखत नाही. तो वेगळा गुण आहे.

फिल्टरनंतरही त्रास उरला तर

क्वचित असे होते की केबलवरील ठोकळे पूर्ण नाहीसे झाले तरी ३७०० च्या आसपासच्या काही वाहिन्यांचा एमईआर सुधारत नाही. याचा अर्थ टॉवरच्या यंत्राची काही शक्ती त्याच्या नेमून दिलेल्या पट्ट्याबाहेर, आपल्या पट्ट्यात सांडते आहे. ती आपल्याच वारंवारतेवर असल्यामुळे आपल्याकडील कोणताही फिल्टर तिला वेगळे करू शकत नाही. येथे आडोसा आणि अंतर, एवढेच आपल्या हाती असते. बाकीचे काम टॉवर चालवणाऱ्या कंपनीने करायचे असते. सेक्टरची (टॉवरवरील एका बाजूच्या ॲन्टेनाची) दिशा किंवा झुकाव थोडा बदलणे, प्रसारणाच्या बाजूला फिल्टर घालणे, हे तिला शक्य आहे.

तक्रार लेखी करावी. आधी कंपनीकडे, आणि दाद लागली नाही तर दूरसंचार विभागाच्या वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनकडे. तीत डिशचे अक्षांश-रेखांश, उपग्रहाचे स्थान, बाधित ट्रान्सपॉन्डरच्या वारंवारता, त्रासाच्या वेळा, टॉवरची दिशा व अंदाजे अंतर, आणि तीन आलेख असावेत: उपग्रहावर रोखलेल्या डिशचा, रिकाम्या आकाशाकडे वळवलेल्या डिशचा आणि फिल्टर बसवल्यानंतरचा. हेडएंडच्या नोंदणीची प्रत सोबत जोडावी. ‘चित्र फुटते’ एवढ्या वाक्यावर कोणी गच्चीवर येत नाही, पण हे तीन आलेख समोर असले की समोरच्या अभियंत्याशी बोलणे नेमक्या आकड्यांवर होते, आणि मोजणीची तारीख ठरवून दोघांनी मिळून सेक्टर काही मिनिटे बंद ठेवून पाहण्याची विनंतीही करता येते.